इंडेक्समध्ये न सापडलेले रामदास पाटील

मंडळी, आमच्या जळगावच्या दवाखान्यात पेशंटची नोंद शोधणारा सी भाषेतला प्रोग्राम मीच लिहिलेला.

आज सकाळी रावेरचे रामदास पाटील यांना बेशुद्ध अवस्थेत आणलं. पूर्वी इथेच दाखल होते.

"कुठलं औषध चालत नाही, बघ लवकर!" डॉक्टर ओरडले.

नाव टाकलं. 'नोंद नाही.' पुन्हा तेच. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सिरिंज भरली.

घाबरून मी इंडेक्समधली, म्हणजे नावांच्या अक्षरानुक्रमे यादीतली, पुढची नोंद उघडली. 'रामदासभाऊ पाटील, रावेर. पेनिसिलिन देऊ नये.'

"थांबा!" मी किंचाळलो. डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली.

नंतर विचारलं तर नोंदी करणाऱ्या अक्का म्हणाल्या, "वडीलधाऱ्या माणसाचं नुसतं नाव कसं लिहायचं रे?"

यादीत असे आबा, नाना किती असतील? तुमचा प्रोग्राम 'नोंद नाही' म्हणतो, तेव्हा तुम्ही विश्वास ठेवता?