कुंकू आणि इनपुट असाइन

वांगणी स्टेशनपासून आत, आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एका शेटचं फार्महाऊस आहे. शेट उल्हासनगरचे सिंधी, कापडाचे व्यापारी. शनिवार-रविवारी ते बायकोला घेऊन येतात. बाकीचे दिवस ती जागा माझे बाबा सांभाळतात. झाडांना पाणी घालायचं, गवत कापायचं, खोल्या झाडूनपुसून ठेवायच्या. मी बदलापूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे वाडीत सगळ्यांचा असा समज आहे की मला सगळंच येतं. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाला बँकेचा इंग्रजी मेसेज आला, की मला हाक येते. खरं तर त्यातलं बरंचसं मला येत नसतं. पण समोरचा इतक्या भरवशाने बघत असतो की नाही म्हणायला जमत नाही.

दसऱ्याला बाबा फार्महाऊसवरच्या यंत्रांची पूजा करतात. पाण्याची मोटर, गवत कापायचं मशीन, इन्व्हर्टर, शिवाय कोयता आणि कुदळ. प्रत्येक वस्तू पुसायची, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. गेल्या दसऱ्याला त्यांनी हॉलमधलं होम थिएटरही पूजेत घेतलं. एवढं मोठं यंत्र उपाशी का ठेवायचं, असं ते आईला म्हणाले होते. मागच्या वायरी काढून त्यांनी धूळ पुसली, वायरी परत लावल्या आणि मशीनच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं.

नंतरच्या शनिवारी शेट आले. टीव्हीवर चित्र आलं, पण भिंतीवरच्या एकाही स्पीकरमधून आवाज येईना. संध्याकाळी त्यांचे पाहुणे सिनेमा बघायला यायचे होते. मी तेव्हा बाबांना डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

शेट मशीनवरचं कुंकू बघत म्हणाले, "अरे भाऊ, तुमने तो इसकी शादी करा दी! लग्न झालं, आवाज बंद. हे मला विचार, साईं."

"तुमचा कुठे बंद झालाय?" त्यांची बायको आतून म्हणाली.

सगळे हसले. मग शेट तसंच हसत म्हणाले, "पण कुंकू आत गेलं असणार हां. पुढच्या वेळी पूजा बाहेरच्या सामानाची कर. घरातल्या मशीनला नको."

बाबा हसले नाहीत. "शेट, मेकॅनिकला बोलवू नका. माझी पोरगी कॉलेजला हाय, ती बघेल," एवढंच म्हणाले.

मी डबा हातात धरून उभी. माझा विषय अकाउंट्स. पण शब्द देऊन झाला होता.

शेट आणि त्यांची बायको अंबरनाथला शिवमंदिरात दर्शनाला गेले. ते गेल्याबरोबर बाबांनी ओलं फडकं घेतलं आणि मोटरीवरचं कुंकू पुसून टाकलं. मग इन्व्हर्टरवरचं. मग गवत कापायच्या मशीनवरचं. मी म्हटलं, "बाबा, ते तर चालू आहे ना?"

"देवाचं म्हणून केलं आणि लोकांचं नुकसान केलं मी," ते म्हणाले. "आता नाय कुठं लावणार."

आवाज आला नाही तर पाहुण्यांना थोडी गैरसोय झाली असती, इतकंच. शेट काही रागीट माणूस नाही. पण बाबा यापुढे कुठल्याच यंत्राला हात जोडणार नाहीत, हे मला बघवेना.

होम थिएटरच्या मशीनमागे कुंकवाचा कणही नव्हता. मोबाइल मागे धरून मी फोटो काढला आणि मोठा करून बघितला. टीव्हीकडून आलेली एक बारीक काळी वायर एका चौकोनी भोकात होती. त्याच्या एका बाजूला तसंच एक भोक, दुसऱ्या बाजूला आणखी एक. खाली बारीक अक्षरांत ऑप्टिकल एक, दोन, तीन. वायर दोनमध्ये होती.

"बाबा, ही वायर कुठल्या भोकातनं काढली होती?"

"जिथनं काढली तिथंच घातली."

"नक्की?"

त्यांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. "सारखीच दिसतात गं सगळी," ते हळूच म्हणाले.

मी वायर काढायला हात पुढे केला तर त्यांनी मनगटच धरलं. "वायरीला हात लावायचा नाय. माझा हात लागल्यावर काय झालं बघितलंस ना? काय करायचं ते लांबनं कर."

लांबून म्हणजे रिमोटने. मशीनवरचा मॉडेल नंबर वाचून मी गच्चीवर गेले, कारण खाली हॉलमध्ये नेटवर्क येत नाही. पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की कसंबसं येतं. तिथे उभं राहून मी त्या मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक उघडलं. पानंच्या पानं होती, आणि मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. उतरून खाली जावं आणि सांगून टाकावं की मला येत नाही, असं खरंच वाटलं. तेवढ्यात एक ओळ दिसली. इनपुट असाइन.

असाइन हा शब्द मात्र मला माहीत होता. आम्हाला कॉलेजात असाइनमेंट देतात. प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. तुझा विषय हा, तिचा विषय तो. दुसऱ्याचं लिहून आणलं तर सर वाचतही नाहीत. म्हणजे या मशीनलाही कुणीतरी नेमून दिलं होतं की टीव्हीचा आवाज पहिल्या भोकातून ऐकायचा. दुसऱ्यातून कितीही आवाज आला तरी ते ऐकणारच नाही.

मी जिना धावतच उतरले.

"बाबा, मशीन बिघडलं नाही. टीव्ही या दारात उभा राहून बोलतोय, आणि मशीन त्या दाराला कान लावून बसलंय."

"मग त्याला सांग की."

"तेच सांगते."

मेनू टीव्हीवर दिसत नव्हता. मशीनच्या पुढच्या अरुंद काचेत एका वेळी एक ओळ यायची. सेटअप. खाली. खाली. इनपुट असाइन. ऑप्टिकल एक, त्याच्यापुढे टीव्ही. ऑप्टिकल दोन, त्याच्यापुढे नुसत्या रेघा. एकदा मी चुकून सगळ्यातून बाहेरच पडले. बाबा म्हणाले, "घाई नको, बाय." पुन्हा आत गेले. दोनच्या रेघांवर बाण दाबत राहिले. डीव्हीडी आलं, गेम आलं, मग टीव्ही आलं. एंटर दाबलं.

काचेच्या कोपऱ्यात एक बारीक निळा शब्द उमटला. डिजिटल. आवाज मात्र नाही.

"काय झालं?" बाबा.

"थांबा हां." मी व्हॉल्यूम वाढवत गेले. आणि बाबा दचकून मागे वळले, कारण त्यांच्या पाठीमागच्या स्पीकरमधून एक बाई बातम्या सांगायला लागली होती. मग पुढून, मग सगळीकडून. बाबा हॉलच्या मधोमध उभे राहून गोल फिरून एकेका स्पीकरकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून मी रिमोटकडेच बघत राहिले.

शेट परत आले तेव्हा आवाज फाटकापर्यंत जात होता. ते दारातच थांबले. "क्या बात है! काय झालं होतं, बेटा?"

मी गच्चीवरून उतरतानाच ठरवलं होतं. सेटिंग आपोआप बदललं होतं, एवढंच सांगायचं. मी म्हणाले, "ते सेटिंग जरा..."

"शेट, चूक माझी," बाबा मध्येच म्हणाले. "पुसायला वायर काढली आणि दुसऱ्या भोकात घातली. पोरीनं मशीनला तेच भोक नेमून दिलं. पण कुंकू आत गेलं नव्हतं. ते मी नीटच लावलं होतं."

आवाज चालू होता. त्यांना काहीच सांगायची गरज नव्हती. शेट मोठ्याने हसले.

"म्हणजे पूजेत खोट नाही. भटजीच चुकला!"

या वेळी बाबाही हसले. "हां, भटजीच चुकला."

"तो भटजी को बोलो, पुढच्या दसऱ्याला वायर नको काढू. बाकी सब करो. मशीन पण करो."

शेटच्या बायकोने मंदिरातला प्रसाद आमच्या हातावर ठेवला. मला विचारलं, "इंजिनीअरिंग करतेस का?" मी मान हलवून नाही म्हणाले, आणि कॉमर्स असं सांगायला तोंड उघडलं.

"कॉलेजला हाय," बाबा म्हणाले, आणि पुढे काही विचारू नये अशा सुरात फडकं उचलून मोटरीकडे निघाले. फडकं कोरडं होतं. दुसऱ्या हातात कुंकवाची डबी होती.