सात नंबरचा पोर्ट

वेल्ह्यातल्या आमच्या ऑफिसची माणसं एकेक करून भोरला बदलून गेली आणि मी एकटा उरलो. मग एक दिवस भोरहून नेटवर्कवाला आला. सगळ्या टेबलांच्या केबल ज्या स्विचला येऊन मिळतात, त्याचे बिनवापराचे पोर्ट त्याला बंद करायचे होते. चष्मा कपाळावर सारून तो एकेक केबल बोटांनी चाचपत थेट टेबलापर्यंत जाई आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारी, "हितं कोन बसायचं?" मी नाव सांगितलं की "बरं" म्हणून लॅपटॉपवर तो पोर्ट बंद करी. शेवटी चालू राहिला एकच, सात नंबरचा. माझा.

चहा पिताना तो म्हणाला, "सायेब, भोरला माज्या स्क्रीनवर तुमचा पोर्ट रोज सव्वादहाला हिरवा व्हतो. मागं दोन दिस झाला न्हाई, तवा वाटलं, आजारी हायेत का काय."

मला खरंच ताप होता. विचारायला ऑफिसात कुणी नव्हतंच.

तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

परवा दुपारी मी टेबलाखाली वाकलो, माझी केबल काढली आणि ऑफिसच्या फोनसमोर बसून राहिलो. पाच मिनिटांत फोन वाजला.

"सायेब, केबल निघाली का काय?"

"हो, पाय लागला," मी खोटं बोललो.



"लागू द्या अदनंमदनं," तो म्हणाला.