रुपाबायचा डावा हात

टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी एक ठाकरवाडी आहे. तिथल्या शाळेत दर शनिवारी दप्तरं आत आणि कोयते बाहेर. शिकवणारी रुपाबाय. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली, पण बांबूवर नख मारून तो कोवळा की जून हे सांगेल. तिचा धडा तीन शब्दांचा: बघा, मोजा, कापा. साहेब लोक याला डिझाइन आणि टेक्नॉलॉजी म्हणतात. म्हणोत बापडे.

"वाडीला काय नडतंय?" तिनं पोरांना विचारलं.

"डुक्कर!" वर्ग ओरडला. नाचणीचा चुथडा करतात मेले.

मग डुकरांच्या वाटेवर आडवी तार, तारेला डबे. डुकराचा पाय लागला की खणखणाट. ठरलं होतं एवढंच. पण ही डोंगरातली पोरं. डुकराला नुसतं भेव दाखवून सोडायचं, हे त्यांच्या घरात कुणी कधी केलंय? दहा वर्षांच्या रविनानं तारेच्या वर पाट्याएवढा दगड टांगला. रुपाबायनं तो पाहिला. गाठ अशी देखणी, की तार हलली तरच सुटेल, एरवी बैलानं ओढून सुटायची नाही. बाई गाठीवरच भाळली. "दगड उतरव," एवढं काही तोंडातून निघालं नाही.

दगड पडला खालच्या गावच्या प्रणितवर. पहाटे चोरून साग तोडायला आला होता. घोटा चुरला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. चोरीच्या वाटेवर मोडलेला पाय घेऊन पोलिसांत कोण जाणार? म्हणून तार शाळेच्या पोरांची हे कळल्यावर, पुढच्या शनिवारी त्याचा भाऊ स्वरूप दोन गडी घेऊन थेट शाळेत घुसला.

आल्या आल्या त्यांनी पोरांनी बनवलेले रहाट, टोपल्या, सगळं लाथांनी चेंदलं. शाळेचे जगदीश गुरुजी फळ्याला पाठ लावून उभे.

"दगड कोनी बांधला? सांगा, नायतर एकेकाचा हात तोडतो!"

रविना उठायला लागली. रुपाबायनं तिला मानगूट धरून खाली दाबलं.

"मी बांधला. काय करशील?"

दोघा गड्यांनी तिचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला. खुंट्या ठोकायला पोरांनीच बाभळीची मोगरी घडवली होती. स्वरूपनं तीच उचलली आणि घातली. एकदा. दोनदा. बोटं चिरडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. रुपाबाय रडली नाही. तिनं डाव्या हातानं कोयता खेचला आणि उलट्या बाजूनं त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले.

"धारेनं मारला असता रे, पोरं बघतात म्हनून सोडला!"

तोवर पोरांनी अंगणातले दगड उचलले होते. तिघे रक्त पुसत मोटारसायकलीकडे पळाले.

गुरुजींनी कोयते कपाटात घातले, कुलूप लावलं.

पुढच्या शनिवारी रुपाबाय आली, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"रुपाबाय, ऐका, आता कागदकाम करू. होड्या, फुलं..."

"कागदाच्या होडीला डुक्कर भितो का गुरुजी? आन् तुमी त्या दिवशी फळ्याला चिकटलेले, ते सुटलात का अजून?"

ती पोरांकडे वळली. "दगड मी बघितला होता. उतरव म्हनाली नाय. ती चूक माझी, रविनाची नाय. आजपासून वाटेवर दगड नाय, नुसते डबे. कळलं?"

"हो," पोरं पुटपुटली.

"आता सांगा, काय नडतंय?"

रविना हळूच म्हणाली, "तुझा हात, बाय."

"मग बघा."

गुरुजींनी खिसा चाचपला. किल्ली काढली, कपाट उघडलं. रविनानं कोयता घेऊन रुपाबायच्या डाव्या मुठीत दिला, तिला बांबूवर चालवायला लावला. कोयता सरकला, सालीवरून घसरला.

"धारेचा उतार एकाच अंगाला हाय," रविना पात्यावर वाकून म्हणाली. "तुझ्या उजव्या हाताचा. डाव्याला उलट्या अंगानं घासाया होवा. आन् मूठ बारीक."

"मोज मग."

रविनानं सुतळी घेऊन रुपाबायच्या डाव्या मुठीला गुंडाळली. गुरुजी अंगणातून घासायचा दगड उचलून आणत होते.