जाळ्याला लावलेले खिळे

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फायलींबरोबर मागे राहिली. गिरगावातल्या छापखान्याचं राहिलं नाही. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, तरी त्याचा संताप अजून उतरलेला नाही. आणि त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे.

छापखाना बंद पडला होता. मालकाला गाळा विकायचा होता. पण हयातभर तिथे अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी आपल्या हक्कासाठी कामगार न्यायालयात गेला होता, आणि विक्री अडली होती. एके सकाळी मालक पोलीस ठाण्यात आला. छपाईचे शिशाचे सगळे खिळे चोरीला गेले होते. कुलूप शाबूत, दुसरी किल्ली जुळाऱ्याकडे. मालक शिकलेला, नीट बोलणारा. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि जुळाऱ्याला अटक केली.

लालबागच्या त्याच्या चाळीत झडतीला नेलं, ते बेड्या घालून. कोर्टाची परवानगी नव्हती. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. घरात काही सापडलं नाही. चौकशीत तो एकच म्हणायचा, "साहेब, ज्याच्यावर पोट भरलं तेच विकू?"

"नाटकं बंद कर. माल कुठाय?" मी ओरडायचो.

रिमांड संपत आला तेव्हा आमच्या हवालदाराने माझ्या टेबलावर मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची दोन वजनं ठेवली. दोन्ही फुटलेली. हवालदार वरळी कोळीवाड्यातला.

"भावाने भंगारवाल्याकडून घेतली, साहेब. दोरीवर बसवून ठोकली की तडकतात. आई त्याला शिव्या घालतेय, शिसं आणलंस का बिस्किटं?"

निव्वळ शिसं मऊ असतं, ठोकलं की दबतं. हे फुटत होतं. छापखान्यात पंचनामा करताना माझ्या हातून एक खिळा पडला होता आणि त्याच्या वेलांटीचं टोक असंच तुटून उडालं होतं. तिथे सांडलेले थोडे खिळे आम्ही जप्त केले होते. ते आणि ही वजनं प्रयोगशाळेत पाठवली.

भंगारवाला गुर्मीत होता. "बॅटरीचं शिसं आहे, साहेब. त्यात अँटिमनी असतं, म्हणून फुटतं. त्यात काय एवढं?"

अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत शिसं, अँटिमनी, कथील आणि किंचित तांबं, तेही जवळपास त्याच प्रमाणात. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"अँटिमनीचं ठीक आहे. पण बॅटरीत एवढं कथील कुणी घातलं रे? ते खिळ्यांत घालतात, बारीक अक्षर नीट उमटावं म्हणून."

त्याने कागद न वाचताच परत सरकवला. "मालकानेच टेम्पो भरून दिला, साहेब. म्हणाला, लगेच वितळवून टाक."

मालकाला बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "माझा माल मी विकला. त्यात गुन्हा कसला?"

"आणि चोरीची फिर्याद?"

"त्याला जरा घाबरवायचं होतं. त्याने कोर्टातली केस मागे घेतली असती, तर मीही घेतली असती."

एका माणसाला गजाआड टाकून सौदा करायचा, आणि त्या कामाला पोलीस राबवायचे! खोट्या फिर्यादीबद्दल मालकाविरुद्ध कोर्टात अहवाल पाठवला, तरी माझा हात शिवशिवत राहिला.

सुटल्यावर जुळारी माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, नेलंत तसंच सोडायला या. गाडीनं, वर्दीत. गॅलरीत माणसं असतात त्या वेळेला."

वरिष्ठ हसले. "आता काय, वरात काढायची त्याची?"

मीही हसलो. हवालदाराला साध्या कपड्यांत, टॅक्सीने त्याच्याबरोबर धाडलं.

झडतीचा पंचनामा होतो, जप्तीचा होतो. निर्दोष माणसाला चारचौघांसमोर त्याच्या दारात नेऊन सोडल्याचा होत नाही. तशी पद्धतच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पद्धत नव्हती, हे खरं. पण जीप खाली उभी होती, मी वर्दीत होतो, आणि लालबाग काही फार लांब नव्हतं.