आत्या आणि उसना प्रोग्राम

आत्याच्या अंगावर उसनी साडी असली की ते साऱ्या मांडवाला कळायचं. कोणी नुसतं "छान दिसतेस" म्हटलं, तरी ती पदर पुढे करून सांगायची, "साडी शेजारच्या मंदाची हाय. फॉल तेवढा मी लावलाय." मंदा बिचारी जेवायच्या पंगतीपर्यंत तोंड लपवत फिरायची.

आत्या म्हणजे आमच्या मालकांची सख्खी आत्या आणि ऑफिसातली सगळ्यात हुशार प्रोग्रामर. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात बसून आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम करायचो. करायचो म्हणजे काय, परदेशातल्या कुणी सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला प्रोग्राम घ्यायचा आणि त्यात गाय, म्हैस, फॅट घालायचं. त्याला परवानगी होती, पण अटी होत्या. आधीच्यांची नावं पुसायची नाहीत, आपण काय बदललं ते लिहायचं आणि ज्याला प्रोग्राम विकाल त्याला त्याचा कोड, म्हणजे आतली सगळी लिखावटही द्यायची. आम्ही सगळे 'मान्य' दाबून मोकळे झालो होतो. आत्याने मात्र अटी वाचल्या होत्या, आणि तिथेच आमचं बिनसलं.

एका मोठ्या डेअरीचं काम मिळालं तरच ऑफिस टिकणार होतं. मालकांनी पहिल्या पडद्यावरची परकी नावं काढून आपला फेटा बांधलेला फोटो टाकला. आत्या म्हणाली, "बाळ्या, लेकरू दुसऱ्याचं, आन् पाळन्याजवळ फेटा बांधून तू उभा व्हय?" दुपारपर्यंत तिने ती नावं परत आणली आणि खाली लिहिलं : म्हशीच्या फॅटची चूक दुरुस्त केली, आत्या, बेलापूर.

डेअरीच्या चेअरमननी पडदा पाहून विचारलं, "ही मंडळी कोण?" मालकांना खोकला आला.

"मूळ बनवनारे ते," आत्या म्हणाली. "आमी वरनं फोडनी दिलीय. कोड बी तुमाला देऊ. उद्या आमी नीट वागलो न्हाई, तर दुसऱ्याकडून करून घ्या."

चेअरमन खूश होऊन सही करून गेले. त्या दिवशी मालकांनी आत्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढे चेअरमननी तेच केलं. कोड उचलला आणि श्रीरामपूरच्या दुसऱ्या प्रोग्रामवाल्यांना दिला. "तूच शिकवलंस त्यांना," म्हणत मालक आत्यावर तुटून पडले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. तिने डबा उचलला, चपला घातल्या आणि गेली. श्रीरामपूरवाल्यांनी तिला लगेच ठेवून घेतलं. मला फार वाईट वाटलं. तिच्याशिवाय आमचं जेवण दहा मिनिटांत उरकायला लागलं.

मालकांनी मला प्रोग्राममधून तिचं नाव काढायला सांगितलं.

"काढता येत नाही. अट आहे."

"कोणी सांगितलं?"

"आत्याने."

आत्या तिथले सगळे बदल नेटवर मोकळे ठेवते आणि आम्ही ते मुकाट्याने उचलतो. काय बदललं ते ती अजून नेमाने लिहिते. परवा आमच्या उरल्यासुरल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या पडद्यावर तिची नवी ओळ उमटली : गायीच्या फॅटची चूक दुरुस्त केली, बाळ्या, बीपीची गोळी घेत जा.

मालकांनी ती बराच वेळ वाचली. पुसायला काही सांगितलं नाही. मग ड्रॉवर उघडला आणि गोळी शोधू लागले.