ठिपके नसलेली जेंशियन

यार्मिला पोधोर्नाच्या नर्सरीला पाटी नाही. बसथांब्यामागचा चढ चढायचा, लोहाराच्या बंद शेडपाशी डावीकडे वळायचं आणि कुत्रं भुंकलं की थांबायचं, एवढाच पत्ता. तरी हॉलंडहून, जर्मनीहून माणसं तिथवर पोचतात. उंच डोंगरातल्या बुटक्या, उशीसारख्या गोल वाढणाऱ्या रोपांचं वेड एकदा डोक्यात शिरलं की माणूस मोठ्या दुकानाकडे फिरकत नाही. तो विचारत विचारत अशाच एखाद्या परसात येऊन उभा राहतो आणि हातातल्या चिठोऱ्यावरचं लॅटिन नाव वाचून दाखवतो. यार्मिला अर्धं नाव ऐकूनच कुंडी काढायला वळते.

नर्सरी काढण्याआधी बावीस वर्षं ती हातमोज्यांच्या कारखान्यात कातडं निवडायला होती. बोट फिरवून बकरीचं कोणतं नि कोकराचं कोणतं ते सांगायची. कारखाना बंद पडला आणि ती परसात दगडी वाफे आखू लागली, तेव्हा तिचा नवरा मिरेक म्हणाला, "आता काय, दगड विकणार का?"

"दगड नाही विकणार. दगडात उगवतं ते विकणार."

मिरेक हसला, पण दुसऱ्या दिवशी भावाची ट्रॉली मागून त्यानेच खाणीतून चुनखडीचे तुकडे आणून टाकले. बिचाऱ्याची पाठ आठवडाभर धरली होती.

नर्सरी चालायची ती डोंगरी रोपांच्या हौशी मंडळींच्या क्लबच्या मे महिन्यातल्या प्रदर्शनावर. दोन दिवस शाळेच्या पटांगणात टेबलं लागतात आणि वर्षभराची निम्मी विक्री तिथेच होते. आमच्या क्लबाचा नियम मात्र कडक. सकाळी फाटक उघडायच्या आधी तिघांची समिती लाल पेन्सिल घेऊन फिरते आणि प्रत्येक रोपावरचं नाव तपासते. चुकलं तर चिठ्ठीवर काट. एकाच माणसाच्या वाट्याला तिसरी काट आली की त्याचं टेबल कायमचं जातं, मग कितीही पाया पडा. यार्मिलाच्या दोन झाल्या होत्या. दोन्ही पहिल्या वर्षातल्या, क्लबच्याच बियांच्या पाकिटांवर भोळेपणाने भरवसा ठेवल्यामुळे. तेव्हापासून ती दुसऱ्याचं पाकीट घेत नसे.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी ती पाठीवर पिशवी टाकून, तीन बस बदलून दक्षिणेला दुर्मितोरच्या डोंगरात गेली होती आणि डिनारिक जेंशियनचं, निळ्या पेल्यासारख्या फुलांच्या एका दुर्मिळ डोंगरी जातीचं, मूठभर बी स्वतःच्या हातांनी वेचून आणलं होतं. वाळलेल्या बोंडांवरून तिनं ओळखलं होतं, शिवाय त्या उतारावर दुसरी जात होतीच कुठे? बी पेरलं, बर्फाखाली ठेवलं, गोगलगायींपासून राखलं. सहाव्या वर्षी पहिल्यांदा कळ्या धरल्या. अठरा कुंड्या. तिनं स्वच्छ अक्षरात अठरा चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रदर्शनाला आणल्या.

नेमका त्या दिवशी गारठा. आभाळ खाली उतरलेलं, आणि जेंशियनची फुलं मिटलेल्या छत्र्यांसारखी घट्ट. समितीचे प्रमुख डॉक्टर शिपेक टेबलापाशी आले. हे निवृत्त डॉक्टर, जनावरांचे. क्लबातल्या शंभर माणसांत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"यार्मिलाबाई, ही डिनारिक नाही," ते म्हणाले. "डिनारिक माझ्याकडे वीस वर्षं आहे. तिचं पान असं नसतं."

"तुमच्याकडे आहे म्हणून ती डिनारिक, की डिनारिक आहे म्हणून तुमच्याकडे?"

मागचे दोघे सोबती खोकले. त्यांच्या बागेतही डॉक्टरांच्याच गड्ड्याचे फुटवे होते. खरं तर सगळ्या क्लबातच होते. डॉक्टरांना तो गड्डा त्यांच्या गुरूने दिला होता, चिठ्ठीसकट, आणि गुरूने दिलेल्या गोष्टीच्या आत डोकावून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दर वर्षी ते तोडून वाटत, घेणारे धन्य होऊन घेत.

शिपेकांनी लाल पेन्सिल पुढे केली. यार्मिलानं चिठ्ठीवर तळहात ठेवला. ही काट पडली की टेबल गेलं, म्हणजे नर्सरी गेली, आणि मिरेकची पाठ फुकट.

"थांबा, डॉक्टरसाहेब. व्याख्यानात तुम्हीच शिकवलंत ना, डिनारिकच्या फुलाच्या घशात ठिपके नसतात, साध्या जेंशियनच्या घशात हिरवे ठिपके असतात. मग घसा बघा. पान कशाला बघता?"

"फूल मिटलंय. कापून बघतो."

"कापू देणार नाही. सहा वर्षं वाट बघितलीय मी. उबेला ठेवलं की आपोआप उघडेल. आणि तुमचीही आणा सोबत."

पटांगणाच्या कोपऱ्यात ब्लाझेनाचा सॉसेजचा ठेला होता, लोखंडी शेगडीवाला. यार्मिलाची एक कुंडी आणि शिपेकांच्या टेबलावरची सगळ्यात देखणी कुंडी ब्लाझेनाने मोहरीच्या बरणीशेजारी ठेवून घेतली.

"वास लागला तर मला बोलू नका," ती म्हणाली. "आणि उभेच राहणार असाल तर काहीतरी खा."

बघता बघता गर्दी जमली. गळ्यात भिंग अडकवलेली माणसं, हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज. यार्मिला कुंडीवरची नजर काढेना. तिनं तरी हे फूल कुठे उघडं पाहिलं होतं? बियांत वाऱ्याने काही भलतं मिसळलं असलं तर? बोंडं ओळखण्यात आपलीच चूक झाली असली तर? मिरेक शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्या हातात रम घातलेला चहा दिला.

वीस मिनिटांनी डॉक्टरांचं फूल सैल पडलं. पाकळ्या हळूहळू मागे गेल्या. शिपेकांनीच पहिल्यांदा भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग भिंग त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिलं. घशात हिरव्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, एकदम ठळक, म्हाताऱ्या ब्लाझेनालाही चष्म्याविना दिसाव्यात इतक्या.

"वीस वर्षं," डॉक्टर म्हणाले. "वीस वर्षं मी चिठ्ठीच वाचत आलो."

मग यार्मिलाचं उघडलं. ती वाकली. निळं, तळापर्यंत नुसतं निळं, एक ठिपका नाही. तिला रडूच आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

शिपेक आपल्या टेबलाकडे गेले आणि स्वतःच्या चिठ्ठीवर त्यांनी लाल काट मारली. नंतर टेबलामागून टेबल फिरत प्रत्येकाच्या डिनारिकवर काट मारत सुटले. तेवीस झाल्या. कुणाला वाद घालायला वेळ नव्हता, कारण सगळे घाईघाईने यार्मिलाच्या टेबलाकडे निघाले होते. सतरा कुंड्या फाटक उघडण्याआधीच संपल्या. अठरावी तिनं झाकून ठेवली, बियांसाठी.

शिपेक रांगेत सातवे होते. रांग मोडून पुढे या, असं दोघा-तिघांनी म्हटलं, पण ते आले नाहीत. पाळी आली तेव्हा त्यांनी कुंडी दोन्ही हातांत घेतली आणि लाल पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"पुढच्या वर्षीपासून समितीत तुम्ही या, यार्मिलाबाई. नावं तुम्ही तपासा."

यार्मिलानं पेन्सिल घेतली, टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"येईन," ती म्हणाली. "सुरुवात तुमच्या टेबलापासून करू."