राजाची आई

माझ्या कादंबरीतल्या टाकलेल्या राणीबद्दल वाचक विचारतात, तिच्या मनातलं तुम्हाला एवढं कसं कळलं? मी जुनी कागदपत्रं, बखरी असं काहीबाही सांगते. खरं म्हणजे राणीचं मला आपोआप कळत होतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला त्यासाठी बखर लागत नाही. माझं अडलं होतं राजाच्या आईपाशी. तिथून मला सोडवलं माझ्या सासूबाईंनी. त्यांचे आभार पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी दोन ओळींत उरकले, त्याची टोचणी आहे म्हणून हे लिहिते.

कडेगावजवळच्या एका गावात आमचं घर आणि थोडा ऊस. नवरा शिरवळला कंपनीत लागला आणि दोन वर्षांत त्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड थाटलं. मग वकिलामार्फत निरोप आला, दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेऊ. माझी हरकत नव्हती. असल्या माणसाला धरून ठेवण्यात मला काडीचा रस नव्हता. पण मी शिकवते ती शाळा याच गावात. सही केल्यावर या घरात मी कोण म्हणून राहायचं? सांगलीचा भाऊ ये म्हणाला, वहिनी काही म्हणाली नाही. आणि ज्यांच्या शब्दावर माझं राहणं-जाणं ठरणार होतं, त्या सासूबाई या विषयावर तोंडच उघडत नव्हत्या. विचारायचा मला धीर होईना.

त्याच दिवसांत मी कादंबरी लिहीत होते. रविवारी दुपारी सासूबाई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसायच्या आणि मी लिहिलेलं वाचून दाखवायची. राजा राणीला गड सोडून जायला सांगतो, ते प्रकरण मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. बाहेर विजा, आत हुंदके, दोन पानं नुसतं रडणं. वाचून झालं तसा त्यांनी हात थांबवला.

"राजाची आय कुठं हाय?"

"ती वारली," मी म्हणाले.

"कवा?"

"गोष्ट सुरू व्हायच्या आधी."

"तुझ्या सोयीनं मेली म्हण की," असं म्हणून त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

माझी चोरी पकडली गेली होती. समोर बसणाऱ्या बाईला ऐकवायचं, म्हणून राजाच्या आईला मी मारून मोकळी झाले होते. पुढच्या रविवारपर्यंत तिला जिवंत केलं आणि थेट राजाच्या पायांवर घातलं. बाळा, सोन्यासारखी सून घालवू नकोस, असं ती विनवत होती.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "आय लेकाच्या पाया पडत न्हाई. आन अशी एकाच बाजूनं बी बोलत न्हाई. तिला ल्योक बी पायजे आन सून बी पायजे. मग ती लबाडी करती."

"कसली लबाडी, आत्याबाई?"

"दिवाळीच्या आदी मी डोळं दाखवाय साताऱ्याला गेल्ते न्हवं? डाक्टरकडं गेलेच न्हाई. शिरवळला गेले. दोन दिस त्येच्याकडं ऱ्हायले." एक शेंग फोडून म्हणाल्या, "पोरगी वाईट न्हाई."

माझ्या अंगाची आग झाली. तिथं जेवून आलेली बाई इथं रोज माझ्या ताटात वाढत होती. पुढचे दोन रविवार मी वही उघडली नाही की धड बोलले नाही. त्यांनी ना समजूत घातली, ना माफी मागितली. पण हेच मला तिसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर मी त्यांच्यापासून कायमची तुटले असते. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. राग ओसरल्यावर हे ध्यानात आलं आणि राजाची आई मला दिसायला लागली. आज पुस्तकात ती जशी आहे, तशी ती मला त्या दुपारच्या कबुलीतून मिळाली.

सह्यांचा दिवस आला. मी एकटीच कोर्टात गेले. चारच्या सुमाराला परतले, तर सासूबाईंनी पाट मांडून ठेवला होता. मला बसवलं, कुंकू लावलं आणि खण, नारळ, गहू घालून माझी ओटी भरली. आमच्याकडे बाई घरातून निघाली की तिची ओटी भरून पाठवतात. मला उत्तर मिळालं. भांडण नाही, कटकट नाही, रीतीनं निरोप. वाईट वाटलं, पण अपमान वाटला नाही. पाया पडले, ओटी देवापुढं ठेवली आणि आत जाऊन बॅगेत साड्या भरायला लागले.

त्या दारात आल्या. "कुठं निघालीस?"

"तुमी ओटी भरली न्हवं."

"वाटंला लावायची असती तर शिदोरी बांधली नसती व्हय? एवढी शिकलीस आन..." मग त्या खाली टेकल्या. "आता गावातल्या बायका हळदीकुंकवाला तुला बाजूला ठिवतील. नवऱ्यानं सोडल्याली, हिची ओटी कशी भरायची म्हणतील. म्हणून पयली मी भरली. दार उघडं ठिवून भरली. सासूनं ओटी भरल्याली बाई आता कोण टाळतंय, बगू."

साडी हातात धरून मी तशीच रडले. माझ्यासाठी इतकं पुढचं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्या माणसाशी लग्न झालं म्हणून ही बाई मला मिळाली, एवढं त्या लग्नाचं देणं मी तेव्हापासून मानते.

त्यांनी मला थोडा वेळ रडू दिलं. मग उठून देवापुढचे गहू सुपात घेतले आणि सूप माझ्यापुढं सरकवलं.

"निवडून ठेव. उद्या गिरणीत न्यायचं हायत."